शिंप्याच्या पोत्यातलं कातरण आणि मांजरपाटाचा पाया: पहिला क्विल्ट ब्लॉक शिवताना

आमच्या गल्लीतल्या शिंप्यांच्या टेबलाखाली एक पोतं असतं. ब्लाउज, परकर, झबली बेतून झाली की उरलेलं कातरण त्यात जातं आणि पोतं भरलं की गादीवाला घेऊन जातो. पहिल्यांदा मी ते मागायला गेले तेव्हा ते हसले. “ताई, याचं काय करणार? दोन बोटांपेक्षा रुंद तुकडा सापडायचा नाही यात.” मला दोन बोटांचेच तुकडे हवे होते.

बारीक, वेड्यावाकड्या, कमीजास्त रुंदीच्या पट्ट्यांपासून क्विल्टचे, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून केलेल्या पांघरुणाचे, चौकोन शिवायची एक जुनी रीत आहे. अमेरिकेत तिला स्ट्रिंग क्विल्ट म्हणतात. खाली साध्या कापडाचा किंवा कागदाचा एक चौकोन घ्यायचा आणि त्याच्यावर एकेक पट्टी शिवत, उलटवत पुढे जायचं. या खालच्या चौकोनाला मी पाया म्हणते. पाया पूर्ण झाकला की कडा साफ कापायच्या, झाला ब्लॉक. असे ब्लॉक जोडून क्विल्टचा दर्शनी भाग तयार होतो.

क्विल्टच्या वाटेला नवं माणूस जात नाही ते त्यातल्या मोजमापाच्या धास्तीने. टोकाला टोक जुळलं नाही, पट्टी सूतभर हलली की सगळं बिघडतं, असं वाटतं आणि नेहमीच्या पद्धतीत ते बरंचसं खरंही आहे. इथे मात्र नेमकेपणा दोनच ठिकाणी लागतो: तयार ब्लॉक मापात कापताना आणि ब्लॉक एकमेकांना जोडताना. मधलं सगळं वाकडंतिकडं खपतं, किंबहुना वाकडंतिकडंच शोभतं.

पाया लागतो कशाला, हे आधी समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या सूचना त्यातूनच येतात. कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसं ताणलं जात नाही. तिरकं, म्हणजे उरेब ओढलं की रबरासारखं लांबतं. आपण पट्ट्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या लावणार, म्हणजे चौकोनाच्या चारही कडांना पट्ट्यांची उरेब टोकं येणार. पाया नसेल तर हा चौकोन हातात घेताक्षणी पतंगासारखा लोंबेल. पायाचं कापड सरळ धाग्यात कापलेलं असतं, ते कडा धरून ठेवतं. त्यामुळे वर कुठलीही पट्टी कुठल्याही धाग्यात कापलेली असली तरी चालते. शिंप्याचं कातरण वापरता येतं ते यामुळेच.

आपल्याकडच्या गोधडीत हेच तत्त्व निराळ्या तऱ्हेने येतं. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर अंथरून त्यावर ठिगळं मांडायची आणि सगळ्या थरांतून एकाच वेळी धावदोरा घालायचा. म्हणजे ठिगळ लावणं आणि गोधडी शिवणं एकच काम. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका त्यांच्या कवंदी, म्हणजे गोधड्या, अशाच करतात, कडेकडून मध्याकडे शिवत जातात. यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून तिकडच्या जंगलात गेले, त्यामुळे ही कला आपल्या अगदी शेजारची. अमेरिकी पद्धतीत कामाचे तुकडे पडतात: आधी ब्लॉक, मग जोडणी, मग थर. माझ्यासारख्या बाईला हे बरं पडतं. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एक ब्लॉक होतो. गोधडी अंथरायची तर अख्खी खोली मोकळी करावी लागते.

काय काय लागेल

सरळ टीप घालणारं कुठलंही मशीन. पायमशीन असेल तर उत्तम, हळू चालवता येतं. 14 नंबरची सुई, पाया जाड असेल तर 16. चांगली कात्री, टाचण्या, शिवण उसवायचं हत्यार (लागेल, लाजू नका), खडू किंवा पेन्सिल, मोजपट्टी, पुठ्ठा, आणि मशीनच्या हाताशी गरम इस्त्री. चक्राकार कटर आणि त्याची हिरवी चटई मिळते, छान असते. पहिल्या क्विल्टसाठी त्यावर पैसे घालू नका.

वरचा दोरा राखाडी किंवा फिकट बदामी घ्या, तो सगळ्या रंगांत मिसळतो. बॉबिनचा दोरा कुठूनच दिसत नाही, तेव्हा डब्यात पडलेली अर्धवट भरलेली बॉबिनं संपवायची हीच संधी.

पायासाठी मांजरपाट माझ्या मते सर्वांत सोयीचं: स्वस्त, विणकाम घट्ट, इस्त्रीला टिकणारं. मऊ पडलेलं धोतर किंवा जुनी सुती चादरही चालते, फक्त विरलेला भाग टाळा. मांजरपाट आणलं की गरम पाण्यात बुडवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. मी पहिल्या वेळी तसंच कोरं कापलं होतं. क्विल्ट पहिल्यांदा धुतलं आणि पाया आटला, वरच्या धुतलेल्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या. सगळे ब्लॉक पापडासारखे फुगले.

पट्ट्यांसाठी सुती कापड: केंब्रिक, पॉपलीन, रुबिया, सुती साड्या, मुलांचे जुने शर्ट. शर्टाची पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग घ्या. कॉलर आणि कोपरांपाशी कापड झिजलेलं असतं. जॉर्जेट, नायलॉन, क्रेप पहिल्या क्विल्टमध्ये नको. सुती कापडाला लागते तेवढ्या गरम इस्त्रीखाली ते वितळतं आणि इस्त्रीचा तवा घासत बसावं लागतं. टी-शर्टचं होजिअरीही तूर्त बाजूला ठेवा. गडद लाल, निळं, काळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर ती पट्टी फिकट रंगांच्या शेजारी बसवणं म्हणजे पुढच्या धुण्यात आपल्या हाताने डाग पाडून घेणं.

हिशेब

लहान मुलाच्या क्विल्टचं माप धरू: तयार ब्लॉक 8 इंचांचा, आडवे 4 आणि उभे 6, एकूण 24. क्विल्ट होईल 32 × 48 इंच. दोन्हीकडे सम संख्या मुद्दाम घेतली आहे, कारण पुढे चार-चार ब्लॉक मिळून नक्षी होणार आहे.

8 इंचांच्या ब्लॉकला चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत आत जाणारं जादा कापड) लागते, म्हणून शिवून झालेला ब्लॉक साडेआठ इंचांना कापायचा. पाया मात्र 9 इंचांचा कापा. इतक्या शिवणी पडल्यावर कापड थोडं आकसतंच, शिवाय कापायला हातात काहीतरी हवं. मांजरपाटाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंच असेल तर एका ओळीत चार चौकोन बसतात; पावणेदोन मीटर पुरेल. पन्हा 36 इंची असेल तर धुऊन आटल्यावर ओळीत तीनच बसतात, मग सव्वादोन मीटर घ्या.

पट्ट्यांना कापड दिसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतं, कारण प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचा पाव-पाव इंच आत जातो आणि टोकं कापली जातात. दीड इंच रुंदीची पट्टी शिवल्यावर एक इंचच दिसते. 24 ब्लॉकना 44 पन्ह्याचं अडीच मीटर कापड धरा. कातरण वजनावर मिळत असेल तर पातळ सुती कापड तीनशे-साडेतीनशे ग्रॅम निवडून घ्या. पोत्यातल्या कातरणातलं निम्मं तरी बाद होतं, हे लक्षात ठेवून जास्तच आणा.

पट्ट्या करणं

रुंदी 1 इंच ते अडीच इंच, काहीही. 1 इंचापेक्षा अरुंद पट्टी दोन्ही बाजूंची माया गेल्यावर काडीएवढी उरते आणि ती नीट शिवायला सवयीचा हात लागतो. लांबी मात्र महत्त्वाची. 9 इंचांच्या चौकोनाचा कर्ण पावणेतेरा इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे मधल्या पट्ट्या किमान 13 इंच हव्यात. कोपऱ्याकडे जाताना लांबी कमी कमी लागते. छोटे तुकडे तिथे खपवा. लांब पट्टी नसेल तर दोन तुकडे आडवे जोडून लांब करा. लुगड्याला दंड घालतात ना, तसंच.

एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती पट्टी असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका. अशा दोन-चार पट्ट्यांनी ब्लॉकला जी लय येते ती एकसारख्या पट्ट्यांनी येत नाही. फक्त पट्टीची कड सरळ कापलेली हवी, कमानदार नको.

सगळ्या पट्ट्या इस्त्री करून दोन पिशव्यांत टाका, फिकट आणि गडद. कुठली कशात टाकायची ते कळत नसेल तर मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून बघा. पोपटी आणि केशरी रंग हमखास फसवतात. यापलीकडे रंगांचा विचार करू नका. शिवताना पिशवीत हात घाला, निघेल ती लावा, नुकतंच लावलेलं कापड पुन्हा शेजारी येत असेल तेवढंच टाळा. जुळवत बसलं की रात्री अकराला दोन पट्ट्या लावून झालेल्या असतात. माझा अनुभव.

एक गोष्ट मात्र आधी ठरवायची: मधली पट्टी. ती सगळ्या ब्लॉकमध्ये एकाच कापडाची आणि एकाच रुंदीची ठेवा, दीड इंच कापलेली. त्या 24 पट्ट्या वेगळ्या ठेवा. बाकी सगळा गोंधळ असताना ही पट्टी नजरेला वाट दाखवते. तुमच्या कातरणात जो रंग कमीत कमी आहे तो मधल्या पट्टीला घ्या; मी मिरचीसारखा लाल घेतला होता.

पाव इंच पक्का करा

शिवायला बसण्याआधी पाच मिनिटं यात घालवा. पाव इंच म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. मशीनच्या दाबपायाची कड सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही, मोजून बघा. मोजपट्टीवरची पाव इंचाची रेघ सुईखाली आणा, मोजपट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या तव्यावर चिकटपट्टीचा जाड तुकडा लावा. आता कापडाची कड त्या चिकटपट्टीला टेकवत न्यायची, सुईकडे बघायचंच नाही. पायावर पट्ट्या शिवताना माया थोडी कमीजास्त झाली तरी बिघडत नाही. ब्लॉक जोडताना हीच खूण कामाला येईल.

टाका मध्यम ठेवा, इंचात साधारण दहा टाके. भरतकामासारखे बारीक टाके घातलेत तर उसवताना रडाल.

पहिला ब्लॉक

पायाच्या चौकोनावर पेन्सिलीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ काढा. मधली पट्टी सुलटी बाजू वर करून या रेघेवर ठेवा, रेघ पट्टीच्या बरोबर मध्याखाली येईल अशी. दोन्ही टोकं कोपऱ्यांच्या बाहेर थोडी जाऊ द्या. दोन टाचण्या लावा.

पिशवीतली एक पट्टी घ्या. तिची सुलटी बाजू खाली करून मधल्या पट्टीवर ठेवा, म्हणजे दोघींची तोंडं एकमेकींकडे. उजव्या कडा जुळवा. आता त्या कडेपासून पाव इंचावर, दोन्ही पट्ट्या आणि पाया या तिन्हींतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप घाला. टोकाला मागेपुढे करून टीप पक्की करायची गरज नाही. पुढची शिवण किंवा कडेची जोडणी ती धरून ठेवतेच.

आता नवी पट्टी उलटवा. तिची सुलटी बाजू वर येईल आणि पाया तेवढा झाकला जाईल. शिवणीवरून नखाने दाबत जा, मग इस्त्री करा. इस्त्री घासू नका. ठेवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. घासली की उरेब कापलेल्या पट्ट्या ताणल्या जातात आणि इंद्रधनुष्यासारख्या वाकतात.

इथे नवशिक्याची नेहमीची चूक होते. पट्टी पूर्ण न उलटता शिवणीपाशी बारीकशी घडी अडकते. त्या क्षणी ती दिसत नाही. पुढची पट्टी लागल्यावर ती कायमची आत जाते आणि ब्लॉक सपाट बसत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ब्लॉकमध्ये नऊ ते अकरा पट्ट्या बसतात, म्हणजे तितक्या वेळा उठायचं. कंटाळा येत असेल तर स्टुलावर जाड टॉवेल पसरून इस्त्री मशीनशेजारीच आणा.

पुढची पट्टी आत्ता उलटवलेल्या पट्टीच्या मोकळ्या कडेवर, पुन्हा तोंड खाली करून. टीप, उलटवणं, इस्त्री. असं एका कोपऱ्यापर्यंत जा. मग मधल्या पट्टीकडे परत या आणि दुसऱ्या बाजूला हेच करा.

पट्टी शिवण्याआधी ती पुरेल का हे तपासायची युक्ती: शिवणीच्या जागी दोन टाचण्या लावून पट्टी उलटवून बघा. दोन्ही टोकांना पाया उघडा पडत नसेल तरच शिवा. आठवड्याभरात हे नजरेने कळायला लागतं.

कोपऱ्यासाठी रुंद पट्टी राखून ठेवा, अडीच इंचाच्या आतली नको. अरुंद पट्ट्या लावत कोपऱ्यापर्यंत गेलात तर अगदी टोकाशी शिवण येते. तिथेच पुढे चार ब्लॉक एकत्र येणार, आणि कापडाचे इतके पदर साचतात की मशीनची सुई मोडते. शेवटची पट्टी कोपरा एकटीने झाकून बाहेर आली पाहिजे.

पहिल्या ब्लॉकला अर्धा तास लागला तर तो योग्य वेळ आहे. दुसऱ्या दिवशी चार ब्लॉक एकत्र घ्या: चौघांना एकेक पट्टी, दोरा न तोडता, पताकांच्या माळेसारखे एकामागून एक मशीनखालून काढा. मग माळ तोडून चारही ब्लॉकना एकदम इस्त्री. दोरा वाचतो, उठबस वाचते.

मापात कापणं

नेमकेपणाची पहिली जागा ही. जाड पुठ्ठ्याचा साडेआठ इंचांचा चौकोन कापा. चारही कोपरे काटकोनात आहेत का ते वहीच्या कोपऱ्याशी लावून बघा. पुठ्ठ्यावर एक कर्ण काढा आणि कर्णाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर एकेक समांतर रेघ.

ब्लॉक उलटा ठेवा, पाया वर. पायावर तुम्हाला शिवणींच्या रेघा दिसतील, त्यांत मधल्या पट्टीच्या दोन टिपा ओळखू येतात. त्या एकमेकींपासून एक इंचावर असतात. पुठ्ठ्याच्या दोन समांतर रेघा या टिपांच्या टोकांशी जुळवा आणि पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवा. मग कात्रीने कापा. पुठ्ठा पायाच्या कडांशी जुळवू नका. पाया आकसून थोडा वाकडा झालेला असतो, भरवसा टिपांचा.

कापल्यावर कडेपासून एक सूत आत, चारही बाजूंनी एक टीप घालून घ्या. कुणी हे करत नाही. मी करते, कारण पट्ट्यांची सुटी टोकं जोडताना उलटी वळून मायेत अडकतात आणि या एका टिपेने ते थांबतं.

मांडणी आणि जोडणी

24 ब्लॉक जमिनीवर मांडा. चार ब्लॉक असे ठेवा की चारही मधल्या पट्ट्या एकत्र येऊन मध्ये फुली होईल. आता प्रत्येक ब्लॉक जागच्या जागी पाव फेरा फिरवा: फुलीच्या जागी शंकरपाळीच्या आकाराचा चौकोन उभा राहतो. मोठ्या क्विल्टवर दोन्ही आकार एकाच वेळी दिसतात, कोपऱ्यात कुठला येतो एवढाच फरक. फिकट आणि गडद पिशव्या वेगळ्या ठेवून मधल्या पट्टीच्या एका बाजूला फिकट, दुसऱ्या बाजूला गडद अशा पट्ट्या लावल्या असतील तर मांडणीचे आणखी प्रकार निघतात. एक तास यात जाऊ द्या. माडीवरून किंवा खुर्चीवर उभं राहून बघा, फोटो काढा. मग प्रत्येक ब्लॉकला ओळ आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा, नाहीतर कुणीतरी केर काढताना सगळं गोळा करून ठेवतं.

नेमकेपणाची दुसरी जागा जोडणी. दोन ब्लॉक तोंडाला तोंड लावून ठेवा. मधल्या पट्ट्यांच्या शिवणी कडेला जिथे येतात तिथे आधी टाचणी लावा, मग कोपऱ्यांना, मग मध्ये. बाकीच्या पट्ट्या कुठेही येवोत, त्या जुळायच्या नसतातच. चिकटपट्टीला कड टेकवून पाव इंचावर टीप. मधल्या पट्ट्यांची टोकं एकमेकींना टेकली की झालं. सूतभर हुकलं तर सोडून द्या. दोन सूत हुकलं तर तेवढीच दोन इंच शिवण उसवा.

या शिवणीची माया एका बाजूला न वळवता मधून उघडून दोन्हीकडे सपाट करा. पायाचे दोन आणि पट्ट्यांचे निदान दोन असे पदर आधीच आहेत, एका बाजूला वळवलं तर दोरखंड तयार होतो. आडव्या ओळी आधी पूर्ण करा, मग ओळी एकमेकींना जोडा.

पाया कागदाचा हवा असेल तर

पायाचं कापड क्विल्टमध्ये कायमचं राहतं, त्याचं वजन येतं. हलकं क्विल्ट हवं असेल तर कागदाचा पाया घ्या, तो शेवटी फाडून काढतात. अमेरिकेत बायका वर्तमानपत्रं, मालाच्या सूचीपुस्तिकांची पानं, जुनी पत्रं वापरत. काही अर्धवट राहिलेल्या क्विल्टमागे तो कागद अजून शिवलेला सापडतो आणि त्यावरच्या तारखेवरून क्विल्टचा काळ ठरवायला मदत होते. आपण वर्तमानपत्र टाळू या, गरम इस्त्रीने शाई पट्ट्यांना लागते. पातळ कोरा कागद चांगला. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद नको, पट्ट्या त्यावर घसरतात.

कागदावर टाके बारीक हवेत, इंचात पंधरा. त्याने कागदाला छिद्रांची ओळ पडते आणि तो पोस्टाच्या तिकिटासारखा सुटतो. कागद सगळे ब्लॉक जोडून झाल्यावरच काढा, तोवर कडा धरून ठेवायचं काम तोच करतो. कागदाने सुई बोथट होते. ती सुई नंतर कापडाला वापरू नका. पहिल्या क्विल्टला मी कापडाचाच पाया सुचवेन. शेकडो बारीक कागदी पट्ट्या चिमट्याने ओढून काढायच्या संध्याकाळी मी कुणाच्या वाट्याला घालणार नाही.

थर आणि गोट

क्विल्टचा वरचा भाग तयार झाला की खाली अस्तर आणि मध्ये एक थर. अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठं, म्हणजे 36 × 52 इंच. मधल्या थराला आपल्या हवेत जुनी सुती साडी एकपदरी किंवा दुपदरी भरपूर होते. पाया मांजरपाटाचा असताना वर जाड कापसाचा थर घातलात तर ते क्विल्ट महाबळेश्वरलाच न्यावं लागेल.

गोधडीसारखा दाट धावदोरा इथे घालायला जाऊ नका. जागोजाग मायेचे पदर आहेत, सुई अडते, बोटं सोलून निघतात. त्यापेक्षा दोन मार्ग. एक, मशीनने फक्त मधल्या पट्ट्यांच्या कडेने टीप, सगळ्या थरांतून. दोन, जाड सुती दोऱ्याने गाठी: प्रत्येक ब्लॉकच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांशी एकेक दुहेरी टाका घालून घट्ट गाठ. गाठी मारणं वेगळंही दिसतं, आणि एका दुपारी होतं.

गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या जोडून 172 इंच लांब पट्टी करा. लांबीत दुमडून इस्त्री करा, उघड्या कडा क्विल्टच्या सुलट्या बाजूला पाव इंचावर शिवा, घडी मागे वळवून हातशिलाईने टाका. जुन्या बायका अस्तरच पुढे वळवून शिवत, तेही टिकतं.

पुढे काय बघाल

ही रीत जमली की तिची मोठी बहीण बघा: लॉग केबिन. त्यात मधला छोटा चौकोन घेऊन त्याच्या चारी बाजूंनी ओळीने पट्ट्या फिरवत नेतात, घराच्या ओंडक्यांसारख्या. 1860 च्या दशकात अमेरिकेत हिचं पेव फुटलं आणि जुन्या क्विल्टमध्ये ती बहुतेक कापडी पायावरच शिवलेली दिसते. मधला चौकोन पुष्कळदा लाल. ती घरातली चूल, असं सांगतात.

आणि गीज बेंडची क्विल्ट नक्की शोधून बघा. अलाबामा नदीच्या वळणात वसलेलं हे कृष्णवर्णीयांचं खेडं, गुलामांच्या वंशजांचं. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांची क्विल्ट थंडीपुरती म्हणून शिवली. 1966 मध्ये त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली. पुढे सिअर्स कंपनीसाठी उशांच्या कॉर्डरॉयच्या खोळी शिवायचं काम आलं, आणि त्याचं कातरण घरोघरी जाऊन क्विल्टमध्ये उतरलं. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये ही क्विल्ट भिंतीवर टांगली गेली. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांतल्या कितीतरी पट्ट्यांच्या कडा मोजून सरळ केलेल्या नाहीत. पहिला ब्लॉक शिवून झाला आणि तो शेजारणीला दाखवायची लाज वाटत असेल, तर ते फोटो आधी बघा.

राहिली ब्लॉक कापताना पडलेली तिकोनी टोकं. ती टाकू नका. माझ्याकडे त्यांनी बरणी भरली आहे. शिंपीदादा हल्ली विचारतात की त्यांचं पुढे काय करणार आहे. सध्या टाचण्यांच्या उशीत भरते आहे.